लायसन्सची टेस्ट: आधी डोळे, मग गाडी

लायसन्ससाठी अर्ज करणारा माणूस जन्मदाखला शोधतो, आधारवरचा पत्ता तपासतो, ड्रायव्हिंग स्कूलची वेळ ठरवतो. डोळ्यांच्या प्रश्नांवर मात्र न वाचता खूण करून पुढे जातो. अर्जातला हा एकच भाग असा आहे की तिथे दिलेले उत्तर लायसन्स मिळाल्यावरही रोज रस्त्यावर तपासले जाते. गोव्यातल्या चोर्ला घाटाच्या वळणावर, पावसाळ्यातल्या संध्याकाळी, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत. म्हणून या लेखात डोळ्यांना जास्त जागा दिली आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला पेडण्यात अर्ज करा की दक्षिण टोकाला काणकोणात, नियम केंद्राचेच लागू होतात: मोटार वाहन कायदा १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९.

फॉर्म १ नेमके काय विचारतो

फॉर्म १ म्हणजे शारीरिक क्षमतेबद्दल तुम्ही स्वतः सही करून दिलेले निवेदन. त्यात फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का, हातापायांत काही दोष आहे का, गाडीच्या हॉर्नसारखा साधा आवाज ऐकू येतो का, असे प्रश्न असतात. डोळ्यांबद्दल तीन गोष्टी विचारतात.

पहिली: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? चष्मा असेल तर तो लावून. दुसरी: रंग ओळखण्यात दोष आहे का? तिसरी: रातांधळेपणा आहे का?

पहिल्या प्रश्नातले ‘प्रत्येक डोळ्याने’ हे शब्द नीट वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाटी वाचली आणि ‘होय’ लिहिले, की खरा प्रश्न सुटूनच जातो. एक डोळा लहानपणापासून कमजोर असेल तर दुसरा त्याचे काम इतके बेमालूम करतो की तीस वर्षांच्या माणसालाही त्याचा पत्ता नसतो. अशा डोळ्याला आळशी डोळा म्हणतात.

एका डोळ्याची दृष्टी गेलेल्यांसाठी याच प्रश्नात एक अपवाद आहे. लायसन्स घेऊन किमान पाच वर्षे झाली असतील, दृष्टी त्या पाच वर्षांनंतर गेली असेल, अर्ज खासगी हलक्या वाहनासाठी असेल आणि गाडीला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असेल, तर एका डोळ्याने वाचलेली पाटी चालते. टॅक्सी, बस किंवा ट्रकसाठी ही सवलत नाही.

खोटी माहिती देऊन घेतलेले लायसन्स कलम १९ खाली रद्द होऊ शकते. गाडी चालवण्यास शरीर अयोग्य आहे हे माहीत असूनही गाडी चालवली तर कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड लहान वाटतो. पण अपघातानंतर हाच मुद्दा निघाला तर त्याची किंमत दंडापेक्षा कितीतरी जास्त असते.

२५ मीटरची पाटी घरी वाचून पाहा

ही तपासणी अर्ज भरण्याच्या निदान दोन महिने आधी करा. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला आणि नवा चष्मा तयार होऊन डोळ्यांना सवय व्हायला तेवढा अवधी लागतो.

सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, सूर्य तुमच्या पाठीशी असेल अशी जागा निवडा. पाटीच्या मागून ऊन येत असेल तर चांगल्या डोळ्यालाही अक्षरे काळवंडलेली दिसतात. गवंड्याकडे ३० मीटरची फीत असते, तिने अंतर मोजा. फीत नसेल तर ७५ सेंटीमीटरची एक ढांग धरून ३३ ढांगा टाका. मात्र आपली ढांग आधी मोजून घ्या, कारण बहुतेकांची चालताना ६०-६५ सेंटीमीटरचीच पडते. तसे झाले तर २५ मीटर समजून तुम्ही २० मीटरवरून वाचाल आणि आपण पास झालो असे मानाल.

गाडी अनोळखी हवी. शेजाऱ्याचा नंबर रोज नजरेखालून जातो, तिथे डोळा कमी आणि आठवण जास्त वाचते. पाटी मोटारीचीच हवी. मोटारीच्या पाटीवरची अक्षरे आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच असतात, स्कूटर-बाईकच्या मागच्या पाटीवर फक्त ३५ ते ४० मिलिमीटर. स्कूटरची पाटी २५ मीटरवरून वाचता आली नाही म्हणून घाबरू नका. मोटार मिळालीच नाही तर स्कूटरच्या मागच्या पाटीपासून साधारण १४-१५ मीटरवर उभे राहा, परीक्षा तेवढीच कठीण होते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली खासगी गाडी घ्या. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची काळी पाटी आणि पिवळी अक्षरे वाचण्याचा अनुभव थोडा वेगळा असतो.

आता उजवा डोळा तळहाताने झाका. तळहात खोलगट धरा, बुबुळावर दाबू नका. दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसर दिसतो आणि त्याच्या वाचनाचा निकाल चुकतो. डाव्या डोळ्याने सगळी अक्षरे आणि आकडे मोठ्याने वाचा. सोबतचा माणूस पाटीजवळ उभा राहून पडताळेल. मग दुसरी गाडी, दुसरी पाटी, दुसरा डोळा. ‘बी’ आणि ‘आठ’, ‘डी’, ‘ओ’ आणि ‘शून्य’, ‘एम’ आणि ‘एन’ या जागी चूक झाली तर ती चूकच धरा.

डोळे बारीक करून वाचू नका. पापण्या मिटत आणल्या की उजेड बारीक फटीतून आत जातो आणि नंबर असलेल्या डोळ्यालाही अक्षर स्पष्ट दिसते. गाडी चालवताना तुम्ही तासभर डोळे बारीक करून बसणार नाही.

२५ मीटरवरून ६५ मिलिमीटरचे अक्षर वाचणे म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावर साधारण ६/९ आणि ६/१२ यांच्या मधली दृष्टी. निरोगी डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो ते तुम्हाला ६ मीटरवर यावे लागले, तर तुमची दृष्टी ६/१२. म्हणजे पाटी जेमतेम वाचता येणे ही चांगल्या नजरेची खूण नाही, ती किमान हद्द आहे. अडखळत वाचणाऱ्याने ‘होय’ लिहिण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत असे आम्ही आग्रहाने सांगू.

पाटी वाचता आली नाही तर

एका जाड कार्डाला सुईने साधारण एक-सव्वा मिलिमीटरचे भोक पाडा आणि त्यातून तीच पाटी तोच डोळा वापरून पाहा. भोकातून अक्षरे स्पष्ट झाली तर बहुधा चष्म्याचा नंबर आहे आणि योग्य चष्म्याने काम होईल. भोकातूनही धूसरच दिसले तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मोतीबिंदू, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार किंवा आळशी डोळा यांपैकी काही असू शकते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) नेत्रविभाग आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातही डोळ्यांच्या ओपीडीचा वार विचारून जाता येईल.

दूरचा नंबर उणे ०.७५ च्या आसपास असला तरी पाटी पुसट होऊ लागते. घरात टीव्ही दिसतो, मोबाईल दिसतो, म्हणून हा नंबर कळत नाही. संध्याकाळी तो जास्त त्रास देतो, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि धूसरपणा वाढतो. अनेकजण त्यालाच रातांधळेपणा समजून घाबरतात. खऱ्या रातांधळेपणात मंद उजेडात वस्तूच दिसेनाशा होतात, पायरी चुकते, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सावरायला फार वेळ लागतो. त्यामागे जीवनसत्त्व अ ची कमतरता किंवा पडद्याचा आनुवंशिक आजार असू शकतो. फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी तेही तपासून घ्या.

मधुमेह असेल तर एक खबरदारी घ्या. साखर वर-खाली होत असताना डोळ्याचे भिंग फुगते आणि नंबर बदलतो. अशा वेळी बनवलेला चष्मा महिनाभरात चुकीचा ठरतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढा. त्याच भेटीत पडदाही तपासून घ्या, कारण मधुमेहाने पडद्यावर केलेले नुकसान सुरुवातीला दुखत नाही आणि दिसतही नाही.

पडदा तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर चार ते सहा तास उजेड खुपतो आणि जवळचे धूसर दिसते. तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि त्याच दिवशी आरटीओची वेळ तर मुळीच घेऊ नका.

मोतीबिंदू पिकण्याच्या सुरुवातीला दिवसा पाटी वाचता येते, पण रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात आणि चकाकीत रस्ता हरवतो. २५ मीटरच्या परीक्षेत हा दोष सापडत नाही. काचबिंदूही तसाच: मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, कडेची नजर आधी जाते. बाजूच्या वाटेवरून येणारा सायकलवाला अशा माणसाला दिसतच नाही. घरी ढोबळ अंदाज असा घ्या: कुणाला तरी समोर हातभर अंतरावर बसवा, एक डोळा झाका, त्याच्या नाकाकडे पाहत राहा. त्याने बाजूने हळूहळू आत आणलेले बोट तुम्हाला कधी दिसते ते पाहा. त्याला दिसल्यावर बऱ्याच उशिरा तुम्हाला दिसले तर डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ही तपासणी घरी न करता थेट डॉक्टरांकडेच करा.

चाळिशी आणि फॉर्म १ए

वय ४० पेक्षा जास्त असेल किंवा व्यावसायिक वाहनाचे लायसन्स हवे असेल, तर स्वतःच्या निवेदनासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. तोच फॉर्म १ए. नोंदणीकृत डॉक्टर त्यात दृष्टी, चष्म्याने दोष सुधारतो का, रंगांची ओळख, २५ मीटरची पाटी, रातांधळेपणा, ऐकू येणे आणि हातपाय या सगळ्यांवर मत लिहितात. फोटो, शरीरावरच्या खुणा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का यांतले एक जरी राहिले तरी खिडकीवरून कागद परत येतो. निघण्यापूर्वी दवाखान्यातच फॉर्म वाचून पाहा.

ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही आणण्याची सवय वाईट आहे. त्याने डॉक्टरही अडचणीत येतात. डॉक्टरांकडे जाताना रोजचा दूरचा चष्मा न्या आणि तक्त्यावर तपासायला सांगा.

या वयात एक घोटाळा वारंवार होतो. चाळिशीचा, म्हणजे जवळचे वाचण्याचा चष्मा लावून लोक दूरची पाटी वाचायला उभे राहतात. अधिक दीड नंबरचा जवळचा चष्मा लावला की स्पष्ट दिसण्याची हद्द पाऊण मीटरच्या आत येते, त्यापलीकडे सगळे धूसर. बाजारात मिळणारे तयार चष्मे या कामाचे नाहीत. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर दूरचे पाहताना वरचा भाग वापरायचा, हनुवटी वर करायची नाही. नवा प्रोग्रेसिव्ह घेतल्यावर आठ-दहा दिवस पायी फिरून सवय करा. आरशात पाहायला मान किती वळवावी लागते ते त्यात वेगळे असते.

रोज कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर टेस्टच्या दिवशी चष्माही खिशात ठेवा. मैदानावरची लाल धूळ लेन्समध्ये गेली की डोळा उघडतच नाही. दुचाकीवाल्यांनी चष्म्याच्या काड्या हेल्मेटखाली कानावर दुमडत नाहीत ना ते घरी पाहून घ्यावे. चष्मा तिरका बसला की नंबर बरोबर असूनही दिसायला त्रास होतो.

रंग

लाल-हिरव्याची तपासणी बहुधा ठिपक्यांच्या तक्त्यांवर होते. त्या पानांवर रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायचा असतो. तक्ता ७५ सेंटीमीटरवर धरतात, उजेड दिवसाचा हवा आणि प्रत्येक पानाला तीन-चार सेकंद. मोबाईलच्या पडद्यावर हा तक्ता पाहून स्वतःला पास किंवा नापास ठरवू नका, पडद्यावर रंग बदलतात.

पूर्वी रंगांधळेपणाचा साधा शेरासुद्धा लायसन्स अडवायचा. २४ जून २०२० च्या अधिसूचनेने फॉर्म १ आणि १ए बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तीव्र दोषावरचे बंधन कायम आहे. तक्त्यावर काही पाने चुकली तर निराश होऊन परत जाऊ नका. दोष किती आहे याचे नेत्रतज्ज्ञांकडून लेखी मत घ्या आणि तेच अर्जासोबत जोडा. हा दोष बहुतांशी जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत खूप जास्त आढळतो. त्यामुळे मामाला असेल तर भाच्याने लायसन्सच्या आधीच तपासून घ्यावे. दोष असणाऱ्याने सिग्नलवर रंगासोबत जागाही ध्यानात ठेवावी: उभ्या सिग्नलमध्ये लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली.

लर्निंग लायसन्सची परीक्षा

वय आधी बघा. १८ पूर्ण झाल्यावर दुचाकी आणि मोटार, २० पूर्ण झाल्यावर व्यावसायिक वाहन. १६ व्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी आणि पालकांच्या संमतीने मिळते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या असतात, त्या यात बसत नाहीत. अकरावीतल्या मुलाला अशी स्कूटर दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

अर्ज सारथी पोर्टलवर भरतात. केंद्राच्या दरपत्रकाप्रमाणे लर्निंगचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये. पुढे पक्क्या टेस्टचे प्रत्येक प्रकाराला ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. त्यावर राज्याचे सेवाशुल्क असू शकते. वाहनप्रकार निवडताना घाई करू नका. विनागिअर स्कूटर निवडली तर गिअरची बाईक पुढे चालवता येणार नाही, गिअरची निवडली तर दोन्ही चालवता येतात.

परीक्षेत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. पंधरा प्रश्न असले तर नऊ. घरून आधारच्या आधारे परीक्षा देताना कॅमेऱ्यासमोर एकटेच बसा, पाठीमागे माणसे फिरू देऊ नका, खिडकी समोर ठेवा. पाठीशी खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओळख पटत नाही.

प्रश्न चिन्हांवर, रस्त्याच्या नियमांवर, अपघातानंतरच्या कर्तव्यांवर, रेल्वे फाटकावर आणि सोबत ठेवायच्या कागदांवर येतात. चिन्हे पाठ करण्यापेक्षा आकार लक्षात घ्या: गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती. पणजीच्या अटल सेतूच्या तोंडाशी दुचाकी-तिचाकीला असलेली बंदी लाल कडेच्या गोलात येते, हे एक उदाहरण डोक्यात राहिले तरी गोल चिन्हे चुकत नाहीत. आठ कोनांचे चिन्ह ‘थांबा’, उलटा त्रिकोण ‘वाट द्या’. पणजीच्या दिवजा सर्कलसारख्या गोलात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची. अपघातात जखमीला आधी उपचार, पोलिसांना लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांत खबर. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्न अजून येतो, ब्रॉडगेजवरची अशी क्रॉसिंग २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली तरीही. उत्तर तेच: थांबा, उतरा, दोन्हीकडे पाहा.

लर्निंग ते पक्के: मधले दिवस

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते. पक्क्या टेस्टला निदान तीस दिवसांनी बसता येते. मे महिन्यात लर्निंग घेतले तर सराव आणि टेस्ट दोन्ही पावसात येतात. ओल्या रस्त्यावर नवशिक्याचा ब्रेक लांब जातो आणि हेल्मेटची काच आतून धुरकटते. जमत असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ शिकण्याला उत्तम.

‘एल’ची पाटी गाडीच्या पुढे आणि मागे, पांढऱ्यावर लाल. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच, २ जाड आणि तळाशी ९ रुंद. कागदाच्या तुकड्यावर पेनाने काढलेला ‘एल’ चालत नाही. बाजूला पक्के लायसन्स असलेला, गाडी थांबवू शकेल असा माणूस हवा. लर्निंगवर असताना दुचाकीवर मागे मित्राला बसवायचे नाही.

टेस्टच्या मैदानावर

मूळ लर्निंग लायसन्स, गाडीचे आरसी, विमा आणि पीयूसी न्या. परत पाठवण्याचे सर्वांत साधे कारण संपलेले पीयूसी असते, आदल्या दिवशी तारीख पाहा. ज्या प्रकारचे लायसन्स हवे त्याच प्रकारची गाडी लागते. दुचाकीला हेल्मेट पट्टा आवळून, गाडीत सीटबेल्ट, आणि चष्मा लागत असेल तर तो डोळ्यांवर.

आठचा आकडा काढताना नजर पुढच्या चाकावर ठेवली की तोल जातो. डोळे पुढच्या वळणाकडे ठेवा, डोके त्या दिशेला वळवा, गाडी मागून येते. गिअरच्या बाईकवर पहिला किंवा दुसरा गिअर, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक किंचित. विनागिअर स्कूटरवर रेस एकसारखी ठेवून डावा ब्रेक हलका धरा. हलकाच, कारण १२५ सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरमध्ये डाव्या लिव्हरने दोन्ही चाके दाबली जातात. २०१९ पासून ही जोडब्रेक व्यवस्था सक्तीची आहे. वळणात जोराने दाबली की पुढचे चाक घसरते आणि पाय टेकतो.

मोटारीत बसल्यावर क्रम असा: सीट, आरसे, सीटबेल्ट, न्यूट्रल तपासणे, मग चावी. इन्स्पेक्टर हे बघतात. निघताना आरसा आधी, इंडिकेटर मग, गाडी शेवटी. नवशिके इंडिकेटर देतात आणि आरसा विसरतात, नियम १५ मध्ये मात्र इशाऱ्याआधी आरसा पाहण्याचा वेगळा उल्लेख आहे.

चढावर थांबून पुन्हा निघणे इथे बरेचजण चुकतात. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर घाला, क्लच हळू सोडत या. इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि गाडीचे नाक किंचित वर आले की तिथे पाय थांबवा, थोडी रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे जाते ती क्लचने पकड घेण्याआधी हँडब्रेक सोडल्यामुळे, आणि बंद पडते ती क्लच पुढे सोडून रेस द्यायला उशीर केल्यामुळे. पणजीच्या आल्तिन्होच्या चढांवर पहाटे रहदारी नसताना सराव होतो, पण सोबत जाणकार हवा आणि मागे कुणी नाही ना हे आरशात पाहूनच.

रिव्हर्समध्ये वेग चालण्याइतकाच ठेवा. स्टिअरिंग फिरवण्याआधी गाडी हलू लागली पाहिजे. उभ्या गाडीत ते फिरवले की अंदाज चुकतो. मागची काच आणि दोन्ही आरसे आळीपाळीने पाहा.

नापास झालात तर पुढच्या खेपेला किमान सात दिवस थांबावे लागते. तिसऱ्यांदाही जमले नाही तर शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस. लर्निंगची मुदत संपत आली असताना हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत टेस्ट ताणू नका.

लायसन्स हाती आल्यावर

नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि वाहनप्रकार लगेच वाचा, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीला टाका. तीस वर्षांखालील अर्जदाराचे लायसन्स चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते, तीस ते पन्नास वयोगटात दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न वयात साठाव्या वर्षापर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स पाच वर्षांचे असते. नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येते. मुदत संपून वर्ष उलटले की पुन्हा गाडी चालवण्याची टेस्ट द्यावी लागते. चाळिशीनंतर प्रत्येक नूतनीकरणाला फॉर्म १ए लागतो. त्याच्या तीन महिने आधी मोटारीच्या अनोळखी पाटीसमोर २५ मीटरवर उभे राहा, एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा.